हौदातला शॉट

संग्रहालयाच्या साहेबांनी सकाळीच चिठ्ठी पाठवली होती. अकरा वाजता एक वयस्कर पाहुणे येतील, त्यांना चांदणीचं शेवटचं रीळ दाखवावं, काय विचारतील ते सांगावं. चिकटताईनं चिठ्ठी वाचली, खिशात घातली आणि कापडी हातमोजे चढवले. पाहुणे यायचेच अधूनमधून, त्यात विशेष काही नव्हतं.

जुन्या फिल्मचे तुटके तुकडे जोडण्यात त्या संग्रहालयात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून ती चिकटताई. नवव्या वर्षी तापात तिचे दोन्ही कान गेले. तेव्हापासून ती माणसांचे ओठ वाचायची, आणि ते इतक्या सफाईनं, की नवा माणूस तासभर गप्पा हाणून जायचा तरी त्याला पत्ता लागायचा नाही. खोलीच्या दुसऱ्या टोकाला कुणी तिच्याबद्दल कुजबुजलं, तर ही बसल्या जागेवरून उत्तर द्यायची. लोक तिला वचकून असत. तिला त्याची भारी गंमत वाटे.

महिनाभर तिच्या टेबलावर चांदणीच होती. पडदा अजून मुका होता त्या काळातली ही नटी. नायिकेचं काम बाईचे कपडे घातलेले बाप्ये करायचे तेव्हा धोबिणीची ही सोळा वर्षांची पोर कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. नातेवाइकांनी तिचं नाव टाकलं, आणि वर्षभरात तेच नातेवाईक तिच्या पगारावर जेवू लागले. घोडा स्वतः पिटाळायची, छपरावरून उडी स्वतः मारायची. पाच वर्षांत अकरा चित्रपट केले, काडेपेटीवर तिचा चेहरा आला, आणि बाविसाव्या वर्षी ती गेली. अकरातला एकच चित्रपट उरला होता, तिचा शेवटचा, तोही कुणाच्या तरी माळ्यावर गंजक्या डब्यांत सापडलेला.

मूकपट म्हणजे नुसता तोंडं हलवायचा मामला, असं तुम्हाआम्हाला वाटतं. चिकटताईला तसं नव्हतं. नायकाच्या मिठीत डोळ्यांतून घळघळा पाणी काढत चांदणी त्याला काय म्हणत होती, माहीत आहे? "तुझ्या मिशीचा डिंक सुटलाय, हलू नकोस." चिकटताई एकटीच खोखो हसली होती. पन्नासेक वर्षांत हा विनोद कळलेली ती पहिलीच. महिनाभरात तिला ती बाई मैत्रिणीसारखी वाटायला लागली होती.

बरोबर अकराला पाहुणे आले. ऐंशीच्या पुढचे आजोबा, हातात काठी, कोट गळ्यापर्यंत बंद. खिडक्यांना काळे पडदे, आंबूस वासाचे डबे आणि टेबलावरचा तेवढा उजेड. त्या खोलीत ते सराईतासारखे येऊन बसले.

"मी तिचा कॅमेरामन," ते म्हणाले. "तुम्ही ओठ वाचता असं कळलं."

"वाचते."

"मग मला एक सांगा. तेवढ्यासाठीच आलोय."

त्यांनी जे सांगितलं ते असं. शेवटच्या प्रसंगात नायिका वादळात नदीत बुडते. चित्रपट कंपनीनं आवारात खोल हौद बांधला, वाऱ्यासाठी तीन मोठे पंखे लावले. शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना एवढा गोंगाट. आणि कंपनीचा नियम एकच. दिग्दर्शक 'बस' म्हणत नाही तोवर कॅमेऱ्याची हातानं फिरवायची मूठ थांबवायची नाही.

"सेकंदाला दोन वेढे. मी मोजत होतो," आजोबा म्हणाले. "ती ओरडत होती. पण ती प्रत्येक शॉटमध्ये काहीबाही बोलायचीच हो... कोण लक्ष देतं? फिल्म संपली, पंखे थांबले... ती वर आलीच नाही."

चिकटताई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"थंड पाण्यानं हृदय थांबलं, असं डॉक्टरांनी लिहिलं. तोच शॉट कंपनीनं चित्रपटात घातला. काय अभिनय, म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या. गोष्टीत ती आईला हाका मारत बुडते. ती तेच म्हणत होती का, तेवढं सांगा. म्हणजे मग ते खरंच हृदय होतं... नाहीतर माझा हात तीन मिनिटं त्या मुठीवर होता, आणि मी बघत होतो."

चिकटताईनं रीळ चढवलं आणि यंत्राची मूठ फिरवायला घेतली. तळहाताएवढ्या काचेवर पाणी उसळलं. चांदणीचे केस चेहऱ्याला चिकटले होते. ती सरळ समोर, कॅमेऱ्याकडे बघत होती, नायकाकडे नाही की दिग्दर्शकाकडे नाही. ओठ स्वच्छ दिसत होते.

"भाऊ, पाय अडकलाय. भाऊ, हात थांबव. पाय अडकलाय, भाऊ."

तेच, पुन्हा पुन्हा. शेवटी पाणी तोंडात गेलं.

चिकटताईनं वळून पाहिलं. आजोबा काचेकडे बघतच नव्हते, ते हिच्या तोंडाकडे डोळे लावून बसले होते. आता तुम्हीच सांगा, अशा माणसाला काय सांगायचं?

"आईला हाका मारतेय," ती म्हणाली. "दुसरं काही नाही. आई, आई, एवढंच."

म्हाताऱ्याचे खांदे खाली आले. पंचावन्न वर्षांचं ओझं उतरताना दिसलं तिला. ते रडले, नाक पुसलं, मग लाजत म्हणाले, "एकदा परत दाखवता? आता बघवेल मला."

तिनं रीळ मागे घेतलं आणि मूठ फिरवली. पाणी उसळलं. खोलीत साचलेल्या पाण्याचा वास आला... आधी नव्हता तो. चांदणीनं समोर बघितलं.

"खोटं का सांगितलंस?"

चिकटताईचा हात थांबला. काचेवर ओठ अर्धे उघडे होते. तिनं मूठ हळूच पुढे नेली. एक चित्र... दुसरं... तिसरं...

"खोटं का सांगितलंस त्याला?"

"बघा बघा," आजोबा हसून काचेवर बोट ठेवत होते. "आईच म्हणतेय. आता मलासुद्धा कळतंय."

जाताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आज झोपेन मी, बाळ." हे शब्द तिनं नीट वाचले. कुणाच्या ओठांवरून वाचलेले ते शेवटचे.

कारण त्यानंतर साहेब आत आले, काहीतरी विचारलं, आणि त्यांच्या ओठांवर तिला दिसलं, "खोटं का सांगितलंस?" तिनं पुन्हा विचारलं. त्यांनी कपाळाला आठ्या घालत पुन्हा तेच म्हटलं. फाटकावरचा पहारेकरी हसत हात हलवून तेच म्हणाला. घरी दादानं जेवायला बोलावलं असावं, हातात वाढायचा डाव होता. पण म्हणाला तेच.

रात्रभर जागून तिनं ठरवलं, उजाडताच आजोबांकडे जायचं आणि खरं काय ते सांगून टाकायचं. कितीही वाईट वाटलं तरी सांगायचं. सकाळी लिहून द्या म्हणत पत्ता मागितला, तर साहेबांनी कागद पुढे ओढून लिहिलं: "आजोबा पहाटे गेले. झोपेतच. चेहऱ्यावर अगदी समाधान होतं म्हणतात."

म्हणजे आता सांगायला कुणी उरलंच नव्हतं. तिनं ते रीळ डब्यात घालून तळघरात नेऊन ठेवलं. फरक पडला नाही. रस्त्यात, दुकानात, कचेरीत, जो तोंड उघडेल तो तिला एकच गोष्ट विचारी. जी बाई जगाच्या कुजबुजीला उत्तरं द्यायची, ती आता कागदाची चळत घेऊन फिरू लागली. घरच्यांना वाटलं, नजर गेली असेल. चष्मा झाला. तिनं तो मुकाट्यानं लावला.

सहा महिन्यांनी एका दुपारी दादा आणि वहिनी धावत तिच्या खोलीत आले. वहिनीच्या कडेवर अकरा महिन्यांची लेक, वरखाली दोन दोन दात, चिकटताईकडे झेपावत होती. दोघांचे चेहरे आनंदानं फुलले होते. दादानं घाईघाईनं कागदावर लिहिलं: "पहिला शब्द बोलली. आत्या म्हणाली. बघ, परत म्हणतेय."

चिकटताईनं पोरीकडे पाहिलं. पोरगी हसत होती, लाळ हनुवटीवर आली होती. तिचे इवलेसे ओठ सावकाश, एकेक अक्षर सुटं करत हलले, आणि तेवढं लांब वाक्य त्या जिवाला अजून येणं शक्यच नव्हतं.