आहोत

दुपारचा चहा झाला आणि ताईने सवयीने टेबलावरचं बटण दाबलं. "आहेस का रे?"

"आहे," कोल्ड स्टोरेजमधून धाकट्याचा आवाज आला.

एवढंच तिचं काम. पूर्वी आत दोन माणसं जोडीने जायची. त्यातला एक निवृत्त झाला आणि साहेबांनी नवा माणूस घेण्याऐवजी दाराजवळच्या भिंतीवर एक स्पीकर ठोकून घेतला. बाहेर बसलेल्या ताईने अधूनमधून विचारायचं, आतल्याने स्पीकरपाशी येऊन बटण दाबायचं आणि "आहे" म्हणायचं. उत्तर आलं नाही तर भोंगा वाजवून दोघांनी मिळून आत जायचं, एकट्याने कुणीही नाही. उंटावरून शेळ्या हाकायची ही सोय साहेबांना फार आवडली होती. ताईच्या मात्र जिवाला चैन नव्हतं. धाकट्याला ही नोकरी तिनेच लावून दिली होती. आई गेल्यावर लहानाचा मोठा केलेला भाऊ त्या जाड दाराआड गेला की तो बाहेर येईपर्यंत तिचा जीव टांगणीला लागायचा.

त्या दिवशी ती जरा जास्तच अस्वस्थ होती, आणि का ते तिला उमगत नव्हतं. पत्रं लावून झाली, टेबल दोनदा पुसून झालं, पाण्याची बाटली भरून झाली. मग लक्षात आलं. जेवून आत गेल्यापासून धाकटा नुसतं "आहे" म्हणत होता. एरवी हा पठ्ठ्या कधी सरळ उत्तर देईल तर शपथ. "आहे, पळून कुठे जातोय," म्हणेल, नाहीतर गोठलेल्या मटारांपुढे भाषण चाललंय म्हणून सांगेल. आज थट्टा नाही की हसणं नाही.

तिने पुन्हा बटण दाबलं. "आहेस ना?"

आतल्या यंत्राची घरघर ऐकू आली. मग उत्तर आलं, "आहोत."

"काय म्हणालास?"

घरघर... नुसती घरघर. "आहे."

ती उठून साहेबांकडे गेली. साहेबांनी फाइलमधून डोकंही वर काढलं नाही. थंडीत जीभ वळत नसेल म्हणाले. उत्तर येतंय ना, मग भोंगा कशाला वाजवायचा, काम बंद पाडून लोकांना पळवायचं का, असंही म्हणाले. उत्तर येत होतं खरं, पण तिला त्या उत्तराचीच भीती वाटायला लागली होती, आणि हे साहेबांना कोणत्या तोंडाने सांगणार?

ती जागेवर आली. तिने बटण दाबलं. "धाकट्या, बाहेर ये बघू जरा. काम आहे."

मग अगदी भावाच्याच आवाजात, लहान मुलाला निजवावं तसं हळू कुणीतरी म्हणालं, "आहोत आम्ही... तुम्ही बसा."

धाकट्याने जन्मात कधी तिला तुम्ही म्हटलं नव्हतं.

भोंग्याचं बटण दाबून ती धावली. कुणाची वाट पाहायला तिला धीर नव्हता. दारात खुर्ची अडकवून ती तशीच साडीवर आत शिरली. पांढरं धुकं, ओल्या पुठ्ठ्याचा वास, दोन्ही बाजूंना छतापर्यंत खोकी. हाका मारल्या तर तिचाच आवाज परत येत होता. शेवटच्या रांगेत खोक्यांचा ढीग कोसळला होता आणि त्याखाली कमरेपर्यंत अडकलेला धाकटा पडला होता. ओठ काळेनिळे, डोळे अर्धे मिटलेले. तो स्पीकर पार दुसऱ्या टोकाला होता. भोंग्याने धावत आलेल्या माणसांनी त्याला उपसून बाहेर काढलं, तेव्हा साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

दवाखान्यात डॉक्टर पुन्हा पुन्हा एकच गोष्ट तपासत राहिले. हातपाय बर्फासारखे, बोटं पांढरी पडलेली, आणि पाठ मात्र उबदार. एवढा वेळ तो तिथे पडला असेल तर पाठीमुळेच वाचला म्हणाले. पाठीशी कुणी बसलं होतं का, असं त्यांनी ताईला विचारलं.

धाकटा घरी आला. साहेब फळं घेऊन आले, खाली मान घालून बसले, यापुढे आत जोडीशिवाय कुणी जाणार नाही म्हणाले. ते गेल्यावर ताईला कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेता आला. भाऊ वाचला होता, तिला आणखी काही नको होतं. ती भात लावायला वळली तर मागे चपलांचा आवाज झाला. धाकटा अंगात स्वेटर चढवून दाराशी उभा होता.

"कुठे निघालास?"

"आत," तो म्हणाला. "मला तू घेऊन आलीस. तो आता तिथे एकटाच आहे ना, ताई."

तिने दाराला कडी लावली, त्याच्या दंडाला धरून त्याला आतल्या खोलीत नेलं आणि त्याला कुठेही जायचं नाही म्हणून बजावलं. तिला वाटलं, तो चिडेल, हट्ट करेल. तसं काही झालं नाही. "बरं," म्हणाला आणि मुकाट्याने आडवा झाला.

तिने त्याच्या अंगावर रजई घातली. धाकट्याने कान दिल्यासारखी मान जराशी वळवली, मग तो हसला, भिंतीकडे सरकला, आणि पलंगावर एका माणसापुरती जागा करून दिली.