फकीराचे तीन टोले

जानेवारीत सकाळी सातला सालेभाट्याच्या रुळांवर अशी थंडी असते की लोखंडी पाना हातात धरवत नाही. दौलत मेश्राम तरी नेमानं निघाला होता. बावीस वर्षं तो चावीवाला. म्हणजे रोज सहा किलोमीटर रूळ पायी पाहायचे, रूळ पकडून ठेवणारी लोखंडी चावी सैल झाली असेल तर हातोडीनं घट्ट करायची, रुळावर टोला मारून आवाज ऐकायचा. मे महिन्यात पाय भाजायचे, पावसाळ्यात खडीतून विंचू निघायचे. पण सकाळची पॅसेंजर धडधडत गेली आणि खिडकीतून एखाद्या लेकरानं हात हलवला, की गडी दिवसभर खूश!

दोन वर्षांपासून त्याच्या जोडीला कर्णतार आली होती. रुळांशेजारी पुरलेली काचेची बारीक तार. रुळाची कुरकुर ऐकून ती कुठं काय बिघडलं ते दूरच्या नियंत्रणकक्षाला कळवायची. गाड्याही बिनचालकाच्या झाल्या, त्यामुळं लाल झेंडी बघायला इंजिनात कोणी उरलंच नव्हतं. आणि या कर्णतारेला शिकवलं कोणी? दौलतसारख्यांनीच. वर्षभर ते हातोडीला यंत्र बांधून हिंडले. टोला मारून माणूस पुढं गेला, की कर्णतार समजायची, इथं ठीक आहे.

चारशे बाराव्या खांबापाशी दौलत थांबला. अकरा वर्षांपूर्वी धुक्यात त्याचा जोडीदार फकीरा उईके इथंच गाडीखाली आला होता. तेव्हापासून या जागी दौलत रोज तीन टोले द्यायचा. त्या वेळी आवाजाकडं त्याचं लक्ष नसे. डोळ्यांपुढं फकीराचा हसरा चेहरा असायचा. आज मात्र गारठ्यानं हात आखडला, दुसरा टोला तिरपा बसला, आणि रूळ फुटक्या माठासारखा बद्द वाजला. दौलतनं वाकून पाहिलं. जोडाखाली काळी रेघ होती, तिच्यात नख अडकत होतं.

त्यानं वॉकीटॉकी तोंडाशी धरला. "ढोबळे मॅडम, पॅसेंजर थांबवा जी! रूळ तडकला."

"मेश्राममामा, चारशे बारा ना?" नियंत्रणकक्षातून ढोबळे मॅडम म्हणाल्या. "कर्णतारेनं त्या जागेला शंभरपैकी शंभर दिलेत. तिच्या होकाराशिवाय मला गाडी थांबवता येत नाही."

"मी डोळ्यानं पाहून रायलो ना बाप्पा!"

"मागच्या महिन्यातही तुम्ही असंच म्हणाला होतात. आणखी एकदा खोटं निघालं, तर तुम्हाला घरी बसवतील."

सोळा डबे, नऊशे माणसं, आणि हातात सात मिनिटं. गेली नोकरी खड्ड्यात! दौलतनं झोळीतली जुनी तांब्याची तार काढली आणि तिची दोन टोकं दोन रुळांना आवळली. रुळांतून खेळणारी सिग्नलची वीज तारेतून वळली, आणि रुळावर गाडी उभी आहे असं समजून येणाऱ्या गाडीपुढचा सिग्नल आपोआप लाल झाला; तो बिनचालकाची गाडीही पाळते. जुन्या माणसांची ही युक्ती. नव्या नियमात तिला घातपात म्हणतात.

गाडी किंचाळत थांबली, भेगेपासून पन्नास पावलांवर. पहिल्या डब्यातल्या मुलीनं हात हलवला. दौलत खडीतच बसला.

बऱ्याच वेळानं वॉकीटॉकी खरखरला. "मामा, मी नोंदी उघडल्यात. तुम्ही तिथं रोज तीनदा का तपासायचात? कर्णतारेनं धरलं, की जाणता माणूस जिथं तीनदा तपासून मुकाट पुढं जातो, तिथं संशयाला जागाच नाही. तिनं तिथलं ऐकणंच सोडून दिलंय."

"तपासत कुठं होतो मॅडम? ते टोले फकीरासाठी होते. आमच्या लाईनीची रीतच आहे ती. ज्या जागी रुळाच्या गँगचा माणूस जिवानिशी गेला, तिथं तीन टोले द्यायचे. सारेच देतात."

पलीकडं कळफलकाची टकटक ऐकू आली.

"मामा," शेवटी मॅडमचा आवाज आला, अगदी बारीक. "शंभरपैकी शंभर मिळालेल्या अशा एकशे चौदा जागा आहेत."

दौलत ताडकन उठला. एकशे चौदा जागा, एकशे चौदा माणसं, आणि त्यांच्यापाशी बहिरी झालेली कर्णतार.

"मॅडम," त्यानं विचारलं, "आत्ता या घडीला त्यांच्यावरून किती गाड्या धावून रायल्या?"