डब्यातले चेहरे

"अनंत, पुन्हा मोज! काल नऊ चेहरे होते ना?"

"आठच आहेत, ताई!" अनंतचा आवाज चिरकला. "नाणी अकराच्या अकरा आहेत. दोन आधीपासूनच पुसट होती, पण आता या एकावरचाही चेहरा गेला!"

विनोदिनीने ते नाणं दारातल्या उजेडात धरलं. कालपर्यंत त्यावर हिरव्या गंजातून कुणा रोमन बादशहाचं नाक आणि केसांतली पट्टी दिसत होती. आता उरली होती तांबूस, गुळगुळीत चकती. बाहेर मेढ्याचं धुकं अजून उठलं नव्हतं.

दिवाळीच्या सुटीत ही भावंडं साताऱ्याहून मेढ्याला अंजनाच्या घरी आली होती. अंजना विनोदिनीच्या वर्गातली, शिकायला साताऱ्यात राहणारी. नाणी तिच्या चुलतभावाची, कृष्णातदादाची. तो पलटणीत होता. आफ्रिकेत खंदक खणताना त्याला पहिलं नाणं सापडलं, मग नादच लागला. बेचाळीस साली तो लढाईत पडला. चार वर्षं झाली. घरी आला तो नाणी ठेवलेला त्याचा तंबाखूचा डबा. अनंतला जुन्या नाण्यांचं वेड, म्हणून मनुकाकीने, कृष्णातच्या आईने, तो आपणहून दाखवला होता.

"माझा कृष्णात पुसतोय ती," चुलीपाशी बसलेली मनुकाकी हळूच म्हणाली. "दुपारी समदी भातकापणीला गेली, की गोठ्याच्या माळ्यावर वाजतंय. खर्र... खर्र... समदी तोंडं पुसली, की त्यो कायमचा जाणार."

अंजना तिच्याजवळ सरकली. "काकी, वर जाऊन बघितलं न्हाईस?"

"न्हाई गं. माझ्या पावलांनी त्यो दचकला, निघून गेला, तर?"



दुपारी तिघं गोठ्यात कडब्यामागे दडून बसली. घर सुनसान. बैलसुद्धा कान टवकारून उभे. आणि माळ्यावर... खर्र... खर्र...!

"मी नाही येणार वर!" अनंत पुटपुटला, आणि पहिला शिडीवर चढला तोच! शिडी करकरली. आवाज थांबला. माळ्यावर कुणीच नाही! मागची खिडकी तेवढी हलत होती. जमीन ओली होती. विनोदिनी वाकली, तिने वास घेतला.

"चिंच! आणि ही विटेची भुकटी. भुताला चिंच कशाला लागते गं?"

"भांडी घासायला!" अंजना म्हणाली, आणि भीतीतही तिघांना हसू फुटलं.

त्या संध्याकाळी खरी नाणी विनोदिनीच्या रुमालात गेली. डब्यात चिखलाने माखलेले जुने पैसे आले, आणि त्यांवर कपड्यांची नीळ, कोरडी, चिमूटभर.

"पाणी लागू दे फक्त!" अनंत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सगळे ओसरीवर जमले. मनुकाकीचे भाऊ लालासाहेबमामा कापणीसाठी आले होते. ते हात उपरण्यात गुंडाळून बसले.

"मामा, चहा घ्या की!" अंजनाने कप पुढे केला.

"ठेव तितं."

"सांडेल! हातातच घ्या!"

हात बाहेर आले. मनगटापर्यंत निळेशार!

"बादशाची नाणी म्हटल्यावर वाटलं, आत सोनं असंल," मामांची मान खाली गेली. "गंज घासून बघत हुतो. चुकलं माझं, आक्का."

अंजनाचे वडील सुभेदार हंबीरराव गरजले, "लाज न्हाई वाटली?" मग मुलांकडे वळले. "शाबास रं! पलटणीत असता तर बढती दिली असती!"

मुलं खुलली. पण मनुकाकीने एवढंच विचारलं, "म्हंजी त्यो माझा कृष्णात नव्हता?"

विनोदिनीला वाटलं, आपण तिचं काहीतरी चोरलंच!

अनंत उठला. खऱ्या नाण्यांतलं एक त्याने वाटीत, स्वच्छ पाण्यात भिजत घातलं. चार दिवस पाणी बदललं, बांबूच्या काडीने अलगद माती काढली. चेहऱ्याला धक्का लागला नाही. मग त्याने नाणं उलटं केलं आणि धावत मनुकाकीकडे गेला.

"काकी, मागे बघा! दोन शिपाई आहेत, हातात भाले. आणि मध्ये निशाण!"

मनुकाकीने नाणं डोळ्यांजवळ नेलं. कितीतरी वेळ बघत राहिली.

"दोगं हायती?"

"हो, काकी."

"माझ्या कृष्णातच्या शेजारी बी कोण तरी हुतं म्हणायचं." तिने पदराने डोळे टिपले आणि वाटी अनंतपुढे सरकवली. "बाकीची बी भिजत घाल, बाळा."