ताऱ्याची खरखर

ऑफिसात तिला सगळे कानसेन म्हणत. लहानपणी तापात डोळे गेले, तेव्हापासून कोण आलं, कोण गेलं, कोण रडून आलंय आणि कोण खोटं हसतंय, हे सगळं ती कानांनीच ओळखत आली होती. पुढे शिकली, भौतिकशास्त्राची पदवी घेतली आणि दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधणाऱ्या विभागात नोकरीला लागली. आंधळ्या बाईला तारे शोधायला बसवलं म्हणून नातेवाईकांत बरीच हसाहस झाली. तिला स्वतःलाही ते गमतीचंच वाटे.

"तू तरी कुठे तारे बघतोस?" ती शेजारच्या टेबलावरच्या लंबूला विचारायची. "तू रेघा बघतोस."

ते खरंच होतं. वर अवकाशात असलेली दुर्बीण हजारो ताऱ्यांचा प्रकाश सतत मोजत असे आणि खाली येत ते नुसते आकडे. ताऱ्यासमोरून ग्रह आडवा गेला की प्रकाश किंचित उतरतो, ग्रह पलीकडे गेला की पुन्हा होता तसा होतो. दिव्यासमोरून चिलट गेल्यासारखं. लंबू त्या आकड्यांचे आलेख काढून त्यांत खळगे शोधी. तिच्यासाठी त्याच आकड्यांचा आवाज केला जाई. तारा म्हणजे एक लांबलचक सूर. ग्रह आडवा आला की तो सूर जरासा बसायचा, मग उठायचा.

आणि सुराखाली खरखर असे. ताऱ्याचं अंग सारखं खदखदत असतं, त्याची ती खरखर. पाण्याला उकळी फुटण्याआधी पातेल्याच्या तळाशी जी कुजबुज सुरू होते ना, तशी. प्रत्येक ताऱ्याची निराळी. लंबूच्या लेखी तो कचरा होता, गाळून फेकून द्यायचा. तिला मात्र तीच आवडे. "ही आहे म्हणून तर कळतं, तारा चालू आहे," ती म्हणायची.

गलका नको म्हणून तिला एक लहानशी ध्वनिबंद खोली दिली होती. खिडकी नाही, भिंतींना आणि दाराला आतून गादीसारखं जाड अस्तर. दार लावलं की जगाचा आवाज चिमटीत धरून विझवल्यासारखा बंद व्हायचा. त्या खोलीत बसून ती दिवसभर तारे ऐकायची.

असाच एक तारा ऐकताना तिने दार उघडून हाक मारली. "लंबू, इकडे ये. कुणीतरी आडवं गेलंय."

लंबू आला. त्याला बारमाही सर्दी. तो दिसण्याआधी, म्हणजे इतरांना दिसण्याआधी, तिला त्याच्या नाकाची सूंसूं ऐकू यायची. त्याने आलेख काढला आणि टेबलावर थाप मारली. "खळगा आहे! कानसेनबाई, पेढे काढा."

"थांब. आकार बघ त्याचा."

ग्रह आडवा जातो तेव्हा सूर जसा बसतो तसाच उठतो. हा मात्र हळूहळू बसला होता, खाली बराच वेळ थांबला होता, आणि मग मुठीतून सोडून दिल्यासारखा एकदम वर आला होता.

"आणि पुढे ऐक," ती म्हणाली.

लंबूने हेडफोन लावले. "पुढे काय? प्रकाश होता तेवढाच आहे."

"प्रकाश तेवढाच आहे. खरखर कुठे आहे?"

लंबूने तो भाग मागे नेऊन पुन्हा ऐकला. खळग्याच्या आधी तारा चांगला खरखरत होता. खळग्यानंतर नुसता सूर. पट्टीने आखलेल्या रेघेसारखा, गुळगुळीत.

विभागप्रमुख मॅडमनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. "कॅमेऱ्यात काहीतरी बिघडलं असणार," त्या म्हणाल्या. "दुर्बिणीवाल्यांना कळवते. तोवर हा तारा बाजूला ठेवा." ते रास्तच होतं, म्हणून तिनेही मान डोलावली. पण घरी जाताना बसमध्ये तो गुळगुळीत सूर तिच्या कानात राहिला. आपण कुणाशी तरी फोनवर बोलत असावं, पलीकडचा माणूस हो-हो म्हणत असावा, आणि मधेच लक्षात यावं की हो म्हणणारं तिकडे आता कोणीच नाही, तसं काहीतरी तिला वाटत होतं.

काही आठवड्यांनी दुसऱ्या एका ताऱ्याचं तसंच झालं. बसला, थांबला, सुटला. खरखर गेली. मग आणखी एकाचं. मग आणखी. दुर्बिणीवाल्यांनी कॅमेरा तपासून पाहिला. कॅमेरा ठणठणीत होता. बाकीचे सगळे तारे नेहमीसारखे खरखरत होते.

एक दिवस लंबू तिच्या खोलीत आला आणि त्याने दार आतून लावून घेतलं. असं तो कधी करत नसे.

"खरखर गेलेले सगळे तारे एकाच दिशेला आहेत," तो म्हणाला. "एकामागे एक, रांगेत उभे असल्यासारखे."

"मग?"

"सगळ्यात दूरचा आधी गेला. मग त्याच्या अलीकडचा. मग त्याच्या अलीकडचा."

"गेला म्हणू नकोस रे."

"बरं, नाही म्हणत." त्याने नाक ओढलं.

"पण लंबू, एका ताऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत जायला प्रकाशालासुद्धा वर्षं लागतात. हे सगळं काही महिन्यांत कसं होईल?"

"मीही तेच म्हणत होतो. पण समज, एखादी गोष्ट जवळजवळ प्रकाशाच्याच वेगाने सरळ आपल्याकडे येतेय. तर तिच्या वाटेवरचं सगळं आपल्याला असंच दिसेल. झटपट, एकावर एक. कारण ती स्वतःच्या बातमीच्या अगदी पाठोपाठ धावतेय."

तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. "म्हणजे आपल्याला बातमी कळेल तेव्हा..."

"तेव्हा ती दारात असेल." तो हसला. ते हसणं खोटं होतं, ते तिला लगेच कळलं. "अगं कॅमेरा असणार. कॅमेराच."

त्या दिवशी घरी ती जेवायला बसली, पण घास उतरेना. घरात दादा, वहिनी आणि त्यांची लेक ठकी. दादा शिंपी होता, पुढच्या खोलीत शिलाईचं मशीन टाकून घरीच काम करायचा. त्याच्या नाकातून श्वासाबरोबर बारीकशी शीळ वाजे. वहिनीचा गुडघा उठता-बसता कट्कन बोले. ठकीचे डोळे आले होते, उजेड सोसत नव्हता, म्हणून ती आतल्या खोलीत जाड पडदे ओढून पडून होती आणि दर थोड्या वेळाने कण्हत होती. हे सगळे आवाज ती पहिल्यांदाच ऐकावेत तसे ऐकत राहिली.

"चिमणे, जेवत का नाहीस?" दादाने विचारलं.

"दादा, सूर्य बंद पडला तर रे?"

"बिल भरायचं राहिलं असेल," दादा म्हणाला. वहिनी हसली. आतून ठकी ओरडली, "काय झालं? मला सांगा ना!" मग तीही हसली.

विभागाच्या गच्चीवर सूर्याचा प्रकाश मोजणारं एक लहानसं यंत्र होतं. आपला आवाजाचा प्रोग्राम नीट चालतो की नाही, हे त्याच्यावर तपासता येई. सूर्य जवळचा, त्यामुळे त्याची खरखर सगळ्यांत भरदार. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे कॉफी प्यायला जात आणि ती खोलीचं दार लावून सूर्य ऐकत बसे. तेवढाच विरंगुळा.

दुसऱ्या दिवशी दुपारीही ती तशीच बसली होती.

सूर्य बसला.

आधी तिला वाटलं, ढग असेल. पण ढग तिला ठाऊक होते. ढग आला की सूर फाटतो, कापतो, कडेने विस्कटतो. हा सूर स्वच्छ उतरला. खाली जाऊन थांबला. तिने टेबलाची कड धरली आणि मनात म्हणाली, हळूहळू ऊठ. हळूहळू. ग्रहासारखा.

तो सुटला आणि एकदम वर आला.

खरखर नव्हती.

तिने वायर चाचपली. हेडफोन काढून पुसले, पुन्हा लावले. मग कालचा सूर्य लावला. कालचा सूर्य मजेत खदखदत होता. तिने आत्ताचा लावला. गुळगुळीत. पुन्हा कालचा. पुन्हा आत्ताचा. असं किती वेळा केलं, तिलाच कळलं नाही.

शेवटी ती उठली आणि दार उघडलं.

बाहेर सगळं ठीक होतं. कीबोर्ड वाजत होते. प्रिंटरमधून कागद सरकत होते. कुणाच्या तरी खुर्चीचं चाक करकरलं. तिला हायसं वाटलं. पण काहीतरी कमी होतं. काय, ते सापडत नव्हतं.

"लंबू?" तिने हाक मारली.

"काय गं?"

तो तिच्या अगदी समोर, हातभर अंतरावर उभा होता. तिला कळलंच नव्हतं. जन्मात असं कधी झालं नव्हतं.

"आत्ता अंधारलं होतं का?"

"हो, जरासं अंधारलं होतं. आम्ही सगळे खिडकीशी गेलो बघायला, मॅडमपण आल्या, खालचे वॉचमनही रस्त्यावर आले, सगळे वर बघत उभे होते आणि मग पुन्हा उजेड झाला आणि आम्ही आपापल्या जागी येऊन बसलो, बरं वाटलं."

आवाज त्याचाच होता. बोलण्याची ढबही त्याचीच. पण एवढं लांबलचक वाक्य त्याने मधे कुठेही न थांबता म्हटलं होतं, आणि संपल्यावर त्याचं नाक वाजलं नव्हतं.

"तुझी सर्दी?"

"गेली."

ती ऐकू लागली. आख्ख्या दालनात कुणी खाकरत नव्हतं. कुणी जांभई देत नव्हतं, आवंढा गिळत नव्हतं, उसासा टाकत नव्हतं. वस्तू वाजत होत्या. माणसं वाजत नव्हती.

"काही हवंय का?" मॅडमचा आवाज तिच्या पाठीमागून आला. अगदी कानाशी.

किंचाळावंसं वाटत होतं, तरी ती म्हणाली, "नाही मॅडम. डोकं दुखतंय. घरी जाऊ का?"

"जा ना," मॅडम प्रेमाने म्हणाल्या.

जिन्यात ती दोनदा अडखळली. दोन्ही वेळा कुणीतरी तिचा दंड धरला आणि सोडला. हात ऊबदार होते.

बस गच्च भरलेली होती. इंजिन घरघरत होतं, ब्रेक किंचाळत होते, मध्येच घंटी वाजत होती. माणसं तिला चारी बाजूंनी खेटून उभी होती. कुणाच्या तरी कडेवर तान्हं मूल होतं, त्याचा इवलासा पाय तिच्या खांद्याला लागत होता. बसला गचका बसला, सगळे एकमेकांवर आदळले. मूल रडलं नाही. कुणी "आई गं" म्हटलं नाही.

तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती. मी बंद खोलीत होते. ठकीही बंद खोलीत आहे. पडदे ओढलेले आहेत.

गल्लीत शिरताच दादाच्या मशीनचा आवाज ऐकू आला. तिचे डोळे भरून आले. ती धावतच दारात पोहोचली आणि उंबऱ्यावर थबकली.

मशीन चालू होतं. शीळ नव्हती.

"लवकर आलीस चिमणे," दादा म्हणाला.

"वहिनी?"

"मी इथेच आहे," वहिनी म्हणाली आणि उठून जवळ आली. गुडघा बोलला नाही.

"ठकी कुठेय?"

"आत. असेल झोपलेली."

भिंतीला हात लावत ती आत गेली, दार लोटलं आणि कडी घातली. खोलीत औषधाचा वास होता. तिने आधी खिडकी गाठली. पडदा जाड, थंड, टोकापासून टोकापर्यंत ओढलेला. तिने त्याच्या कडा चाचपून पाहिल्या. कुठेही फट नव्हती.

मग ती पलंगाच्या काठावर बसली. कान देऊन, सगळा जीव कानांत आणून, तिने ऐकलं.

खोलीत श्वास चालू होता.

भरभर, थोडासा कापरा, पण श्वास. आत, बाहेर. आत, बाहेर. तिने पांघरुणासकट पोरीला उचलून उराशी धरलं. पोर ऊबदार होती, नेहमीएवढीच जड होती. तिने तिच्या केसांत तोंड खुपसलं आणि हमसून रडली.

"तू आहेस," ती पुटपुटत राहिली. "तू आहेस गं बाई माझी."

ठकीने तिच्या गालावर तळहात ठेवला.

"आत्या, माझे डोळे बरे झाले. दुपारी आईने थोडा वेळ पडदा उघडला होता."

ती तशीच बसून राहिली.

"आत्या," ठकीने हळूच विचारलं, "तू हा कसला आवाज करतेस? आत, बाहेर, आत, बाहेर?"