डुगडुगणाऱ्या खुर्च्या

"बस! ऊठ! बस! अरे ढोल्या, खुर्ची तपासतोयस की झोप काढतोयस?" चिमटी ओरडली.

"दमलो गं! सुट्टीत मामाकडे खायला आलोय, उठाबशा काढायला नाही!"

पण काढायला तर लागणारच होत्या. मामाच्या कारखान्यातून दवाखान्यात गेलेल्या बांबूच्या खुर्च्या महिन्याभरातच डुगडुगायला लागल्या होत्या. एक आजोबा तर पडता पडता वाचले! स्क्रू बसवायची मावशी, म्हणून खापर फुटलं तिच्याच डोक्यावर.

"उद्यापासून ताईनं स्क्रूला हात लावायचा नाही. तिनं पॉलिश करावं," मामानं फर्मान सोडलं.

हयातभर सांधे जोडणाऱ्या हातांत फडकं! मावशी जेवलीसुद्धा नाही. आणि ती जेवली नाही की समजावं, घरावर संकट आलंय.

ढोल्याचं वजन मात्र आज कामी आलं. सकाळपासून तो मावशीनं जोडलेल्या खुर्चीवर आदळत होता, तरी सांधा तसूभर हलला नव्हता.

"इथे ठणठणीत, मग दवाखान्यात गेल्यावर काय भूत लागतं यांना?" चिमटीनं डोळे बारीक केले. "आणि टेम्पोकाकांचा टेम्पो एवढासा! त्यात सगळ्या खुर्च्या एका खेपेत मावतात कशा?"

टेम्पोकाका माल भरताना कारखान्याचं मागचं फाटक लावून घेत. टेम्पो भरायला लाजणारा माणूस कुणी पाहिलाय? दोघं बांबूच्या मोळ्यांमागे दबा धरून बसली.

काकांनी इकडेतिकडे पाहिलं, खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि शीळ घालत खुर्चीचे पाय सोडवायला लागले!

"चोर!" ढोल्या कुजबुजला.

"नुसते पाय चोरून काय करणार, डोंबल? गप बघ!"

पाय सुटे झाले, पाठ सुटी झाली, सगळ्याची मोळी टेम्पोत गेली. चिमटी ताडकन उभी राहिली.

"काका, एक खुर्ची पुन्हा जोडून दाखवता?"

काका दचकले, मग हसले. "त्यात काय? दवाखान्यात दर खेपेला हेच करतो! तेच स्क्रू, तीच भोकं. बघ, कशी घट्ट!"

घट्ट दिसत होती खरी. ढोल्या बसला, उठला, पुन्हा बसला. थोड्याच वेळात सांधा कुरकुरायला लागला. चिमटीनं स्क्रू नुसत्या बोटांनी ओढून काढला. त्याच्या आट्यांत बांबूचा भुसा अडकला होता!

"काय गोंधळ आहे हा?" मामा तणतणत आला आणि सवयीनं त्याच खुर्चीत बसला.

कर्रर्र... धप्प!

आवाज ऐकून मावशी धावत आली. स्क्रू पाहिला, भोक पाहिलं आणि कडाडली, "बांबू स्क्रूला एकदाच धरतो! काढलास की आतले धागे तुटले. मग परत पिळून बसवा नाहीतर नवस करा, चार दिवसांत ढिला पडणारच! खुर्च्या सोडायला सांगितलं कोणी?"

"शेठच म्हणाले, एका खेपेत ने," काका पुटपुटले.

मामा जमिनीवरूनच छताकडे बघायला लागला.

"पोरांना नुसते डोळे नाहीत, नजर आहे!" मावशीनं दोघांच्या पाठीवर थाप मारली. "चला जेवायला. मग दवाखान्यात जाऊ. मी नवी भोकं पाडते, ढोल्या बसून बघेल."

जाता जाता तिनं खांद्यावरचं फडकं मामाच्या मांडीवर टाकलं.

"आणि तू पॉलिश कर!"