धुराचं न हलणारं टोक

"खिडकी उघडलीस तर वेणी कापीन तुझी," बुए आतून ओरडले. बुए म्हणजे लेस्तीचे आजोबा.

"उघडत नाहीये, फटीत फडका कोंबतेय," लेस्ती म्हणाली.

रानातल्या आगींच्या धुरामुळं शाळा बंद होती. धुराच्या सुट्टीचा हा नववा दिवस. नावाला सुट्टी, बाकी सगळी कोठडी. समोरचं घरसुद्धा दिसत नव्हतं. दिसलं असतं तरी तिथून कुणी आलं नसतं म्हणा. रोज चारला बुए चहाचे पाच पेले मांडत. दोन या दोघांचे, तीन शेजाऱ्यांचे. बुधवारपासून ते तीन कोरडेच फळीवर परत जात होते.

बुधवारी दुपारी दीडला उपग्रहाच्या नकाशावर लाल ठिपका उमटला. ठिपका म्हणजे आग. तो नेमका बुएंच्या रबराच्या झाडांवर! गावानं ठरवून टाकलं, जमीन साफ करायला म्हाताऱ्यानंच पेटवलं. उद्या सकाळी पोलीस त्यांना शहरात नेणार होते.

"मी काडी ओढली नाही," बुए एकदाच म्हणाले. ऐकायला फक्त लेस्ती होती.

फोन वाजला. देहेन आणि इंतान, तिच्याच वर्गातले, आपापल्या घरात कोंडलेले.

"रडतेयस?" देहेननं विचारलं.

"धुरानं डोळे चुरचुरतात."

"माझ्या आजीचेपण चुरचुरतात, मालिका बघताना. बरं, ऐक. माझा दादा हवामान कार्यालयात आहे ना, तो म्हणतो, ठिपकेवाला उपग्रह दुपारी दीडला येऊन जातो. रात्रीच्या फेरीला मंगळवारी ढग आडवे आले. पण दुसरा एक उपग्रह जागचा हलत नाही, दर दहा मिनिटांनी फोटो काढतो. आपण मागं मागं जाऊ."

तीन घरांत तीन जण एकाच चित्रावर वाकले. बुधवार मागं पडला, मंगळवार आला. पांढरे पुंजकेच पुंजके.

"सगळे ढग आहेत गं," इंतान कंटाळली.

लेस्तीकडे वेळच वेळ होता. ती बघत राहिली. "थांब. ढग सगळाच्या सगळा पुढं सरकतो. हा पट्टा बघ. धक्क्याला बांधलेल्या होडीसारखा आहे. शेपूट हेलकावतंय, नाक जागच्या जागी."

ते नाक मंगळवारी चार वाजून दहा मिनिटांनी उगवलं होतं. देहेननं नकाशावर जमिनींच्या हद्दी लावल्या. कालव्यापलीकडं, बुएंच्या झाडांपासून दीड किलोमीटरवर, ठेकेदार पाक रुस्मानची, म्हणजे रुस्मानसाहेबांची, जमीन. बुएंच्या नावानं सगळ्यात मोठ्यानं ओरडत होता तोच.

"दीडचा उपग्रह गेला की काडी," देहेन म्हणाला. "रात्री वाऱ्यानं आग इकडं आली. दुसऱ्या दिवशी दीडपर्यंत त्याचं गवत जळून गार, मग त्याच्याकडं ठिपका कुठून उमटणार?"

संध्याकाळी सरपंचांच्या ओसरीवर सभा भरली. तिघं मास्क लावून आत घुसले आणि सरपंचांच्या मोठ्या पडद्यावर त्यांनी मंगळवारचा फोटो लावला.

"ढग आहेत ते," रुस्मान हसला. "घरी जा, दूध प्या."

 लेस्तीनं आवाज साखरेत घोळवला. "असतील, पाक. तुम्हाला नकाशातलं जास्त कळतं. माझा हात थरथरतो, हा पट्टा कुठून सुरू होतो तिथं तुम्हीच बोट धरा ना."

रुस्माननं ऐटीत पडद्यावर अंगठीवालं बोट टेकवलं. "इथून. म्हाताऱ्याकडूनच असणार."

"हलवू नका हं."

देहेननं ओळीनं बारा फोटो सरकवले. आजूबाजूचे पुंजके निघून गेले. बोटाखालचं टोक तसूभर हललं नाही. "आता हद्दी लावते," इंतान गोड आवाजात म्हणाली.

सरपंचांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"रुस्मान, बोट उचल. खाली कुणाचं नाव आहे ते दिसत नाहीये."

सकाळी पोलीस आले, पण शहरात नेलं ते दुसऱ्याच माणसाला. सरपंच लेस्तीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आम्ही नुसता ठिपका बघितला. तुम्ही पोरांनी धूर बघितलात."

चार वाजता दारावर थाप पडली. तीन शेजारी, माना खाली. मागं देहेन आणि इंतान.

बुए दारात उभे राहिले. "चहा संपलाय."

कुणी हललं नाही. त्यांच्या डोक्यांवरून धूर घरात शिरत होता. लेस्तीनं मागं वळून पाहिलं. चूल तर पेटलेली होती, आधण उकळत होतं.

बुए बाजूला सरकले. "धूर येतोय आत. या, आणि दार लावून घ्या."

लेस्तीनं फळीवरून आणखी दोन पेले काढले.