मधली गाडी आणि पाच शनिवार

केतकीला तो पहिल्यांदा दिसला तो फक्त गुडघ्यांपासून खाली. बाकीचा सगळा माणूस शोरूममधल्या झगमगत्या पिकअपच्या पोटाखाली शिरला होता. बाहेर उरले होते दोन लांब पाय आणि चिखल वाळलेल्या चपला. तेही सकाळीच पुसून घेतलेल्या पांढऱ्याशुभ्र फरशीवर!

"अहो... काही पडलंय का तुमचं?" तिनं त्या पायांनाच विचारलं.

"न्हाय, गाडीचं पोट बघायलोय," आतून आवाज आला. "पायरी लई खाली आलीया की हो हिची!"

मग तो बाहेर आला. केस विस्कटलेले, कोपराला काळा डाग, आणि डोळे असे हसरे की केतकी पुढचं वाक्यच विसरली. नाव रवळू, गाव कडोलीच्या पलीकडं. काकतीजवळच्या हमरस्त्यावरच्या या शोरूममध्ये त्याला यायचंच नव्हतं. शेजारच्या दुकानात पाण्याच्या मोटरीचं पॅकिंग घ्यायला आला होता, काचेतून गाडी दिसली आणि राहवलं नाही.

"घ्यायचीय का गाडी?"

"घ्यायची हाय की. आप्पा म्हणत्यात, रताळी निघायच्या आदी दारात गाडी पायजे. पण आमच्या शेताची वाट..." त्यानं टेबलाच्या काचेवर बोटानं वाट काढून दाखवली. नदीकडं जाणारी उतरण, चिकणमाती, ट्रॅक्टरनी पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या आणि मधे उंच वरंबा. भाड्याचा टेम्पो वर डांबरी सडकेवरच थांबायचा आणि पोती डोक्यावरून वर न्यावी लागायची.

बोट काचेवर फिरत होतं तेवढ्यातच केतकीला उत्तर मिळालं होतं. गाडी तीन प्रकारांत यायची. साधीला नुसती मागची चाकं ओढणार. मागचा हौदा रिकामा असला की ओल्या चढाला ती जागच्या जागी फिरणार. वरचीला चारही चाकांची ओढ, चाक घसरलं तर आवरून धरणारं लॉक, सगळा थाट. पण मोठ्या चकचकीत चाकांवर टायर पातळ आणि खाली ती देखणी पायरी. वरंब्यावर टेकली की बसली. मधलीला मात्र चारही चाकं, चढासाठी वेगळा जोराचा गिअर, जाड टायर आणि पोट उंच. पायरी नाहीच.

'मधली घ्या.' एवढंच म्हणायचं होतं. गिऱ्हाइकाच्या गळ्यात नको ती गाडी मारायची नाही, हा केतकीचा बाणा अख्ख्या शोरूमला ठाऊक होता. पण समोरचे डोळे हसले, आणि ती म्हणाली, "घाई करू नका हं... तिन्ही चालवून बघा. एकेका शनिवारी एकेक."

स्वतःचंच बोलणं ऐकून ती चाट पडली.

पहिल्या शनिवारी साधी. धुकं अजून उसाच्या शेंड्यांवर रेंगाळत होतं. रवळूनं गाडी मुद्दाम एका ओल्या पायवाटेवर घातली. मागची चाकं गरागरा फिरली, चिखल उडाला आणि केतकीच्या गालावर एक थेंब येऊन बसला.

"मॅडम, गालावर..."

"कुठं?"

त्यानं हात पुढं केला — आणि मधेच थांबवून स्वतःच्याच गालावर बोट ठेवून जागा दाखवली. केतकीनं गाल पुसला. जागा मात्र दिवसभर गरम राहिली.

दुसऱ्या शनिवारी मधली. ती कुठंच अडली नाही, आणि केतकीच्या जिवाला घोर लागला. चढ संपला तसा रवळूनं गाडी थांबवली. नुसता स्टिअरिंगवरून हात फिरवत बसला.

"कशी वाटली?" तिनं भीतभीतच विचारलं.

"बरी हाय," तो समोर बघत म्हणाला. "पण... वरची बघितल्याबिगर कसं सांगायचं?"

"तेच म्हणते मी!"

तिसऱ्या शनिवारी वरची. चौथ्या शनिवारी पुन्हा मधली. का, तर म्हणे हौद्यात वजन टाकून बघायला हवं. वजन म्हणून सिमेंटची चार पोती आणि बोलणं म्हणून जगातलं सगळं. त्याला विहिरीत पोहायला आवडायचं. तिला पहाटेचा गारवा. त्याला तिचं 'अय्या' आवडायचं. हे तो बोलला नाही, पण तिनं म्हटलं की गाडीचा वेग आपोआप कमी व्हायचा. धुक्यातून सूर्य वर यायचा, काचेवर दव जमायचं, आणि केतकीला वाटायचं, हा रस्ता असाच जात राहावा... कुठं पोचूच नये.

पाचव्या शनिवारी वरची गाडी घेऊन दोघं थेट त्याच्या शेतावर गेली.

उतरणीच्या तोंडाशी केतकी खाली उतरली आणि जागीच थिजली. रताळी निघाली होती. खालून एक म्हातारा माणूस डोक्यावर पोतं घेऊन वर येत होता. पाऊल चिखलात रुतत होतं, मान थरथरत होती. मागं नऊवारीचा काचा घट्ट मारलेल्या रवळूच्या आई, त्यांच्याही डोक्यावर रताळ्यांनी भरलेली बुट्टी.

"आलीस व्हय पोरी!" रवळूच्या आप्पांनी पोतं सडकेला टाकलं आणि कमरेवर हात ठेवून श्वास घेतला. "रवळू म्हणतोय, मॅडमनी अजून सांगितलं न्हाय. आमाला काय कळतंय त्यातलं? तू म्हणशील ती घेऊ."

केतकीनं मनातल्या मनात शनिवार मोजले. चार आठवडे. तिच्या चार गोड सकाळी या माणसाच्या मानेवर बसल्या होत्या.

रवळूनं गाडी उतरणीकडं वळवली तशी केतकी वाटेत आडवी आली. "खाली नेऊ नका. अडकेल ही."

"कशावरनं?"

"पायरी टेकेल वरंब्यावर. तुम्हाला मधलीच हवी. मला... मला पहिल्या दिवशीच माहीत होतं."

रवळूनं इंजिन बंद केलं. तो खाली उतरला, उतरणीनं चालत गेला आणि एक पोतं डोक्यावर घेतलं.

केतकीचे डोळे भरून आले. पण रडायला तोंड कुठं होतं? तिनं ओढणी कमरेला गच्च बांधली, चपला सडकेवर काढल्या आणि आप्पा-आईंच्या मागोमाग खाली गेली. आईंनी तिच्याकडं नवलानं बघितलं, मग एका फडक्याची चुंबळ करून तिच्या डोक्यावर ठेवली आणि वर निम्मी भरलेली बुट्टी दिली. शहरातली मान ती! दहा पावलांत पाय घसरला. रवळूनं मागून एका हातानं बुट्टी सावरली आणि वरपर्यंत सोडली नाही.

वर पोचल्यावर ती धापा टाकत म्हणाली, "रागवा हवं तर. पण सांगितलं असतं तर तुम्ही गाडी घेऊन गेला असतात... आणि मग शनिवार..."

"राग तुमचा न्हाय," रवळू खाली बघत म्हणाला. "त्या दिवशी गाडीखाली घुसलेलो ते काय झोपाया? मलाबी तवाच कळलंतं. आप्पाच्या डोस्क्यावर पोती देऊन म्या शनवार काढत बसलो. लाज वाटायलीया."

"म्हणजे तुम्ही पण...?"

"व्हय. म्या पण." त्यानं वर बघितलं. "केतकी... मला तू लई आवडतीस. गाडीबिगर बी आलो असतो गं, पण काय म्हणून येऊ, त्येच सुचंना."

केतकीनं चिखलाचा हात तसाच पुढं केला. "मला भेटायला, म्हणून ये."

त्यानं तो हात धरला. दोघांचेही चिखलानं भरलेले, पण सोडवेना कुणालाच.

"ठरली का रं गाडी?" आप्पा खालून ओरडले.

"ठरली, आप्पा! मधली. सोमवारी आणतो!"

"आन् बाकीचं?"

रवळूचे कान लाल झाले. केतकीनंच मान वळवून, हात न सोडता, मोठ्यानं सांगितलं, "माझ्याकडून ते पण ठरलं, आप्पा!"

आप्पांनी कमरेवरचे हात काढले आणि दोघांकडं डोळे भरून बघून घेतलं.

"मग हुबी का ऱ्हायलासा? अजून अकरा पोती हाईत खाली."